उच्च तापमानात आणि दाबाखाली एएफएम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खनिजांवर काम करणारे, उत्प्रेरकांवर काम करणारे आणि नुकताच एएफएम हाती घेतलेले विद्यार्थी आम्हाला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. त्यातले सगळ्यात जास्त वेळा आलेले इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एएफएम म्हणजे नेमकं काय? तो खरंच अणू ‘बघतो’ का?

बघत नाही, चाचपतो. अणुबल सूक्ष्मदर्शकात, म्हणजेच एएफएममध्ये, एक लवचीक पट्टी असते, तिला कँटिलिव्हर म्हणतात. तिच्या टोकाला काही नॅनोमीटर त्रिज्येची टिप असते. टिप नमुन्यावरून फिरते तेव्हा पृष्ठभागाच्या उंचसखलपणानुसार पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवरून परावर्तित झालेला लेसर फोटोडायोडवर पडतो आणि त्याचा ठिपका किती हलला यावरून उंची कळते. गेर्ड बिनिग, कॅल्विन क्वेट आणि क्रिस्तोफ गेर्बर यांनी १९८६ मध्ये हे यंत्र मांडलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला साधारणपणे निर्वात पोकळी लागते. एएफएमला ती सक्ती नाही, तो पाण्यात, हवेत, वायूत कुठेही चालतो. म्हणूनच तो गरम आणि दाबाखालच्या द्रवात नेता येईल, हा विचार मुळात शक्य झाला.

२. गरम असताना बघायची गरजच काय? तापवून, गार करून मग बघितलं तर?

काही कामांना तेवढं पुरतं. पण गार करताना पृष्ठभाग बदलतो. द्रावणात विरघळलेलं काही बाहेर पडून त्यावर बसतं, वायूचा थर निघून जातो, स्फटिकावरच्या पायऱ्या, म्हणजे अणुथरांच्या कडा, सरकतात. हाती येतं ते घटना घडून गेल्यानंतरचं दृश्य.

दुसरं कारण वेगाचं आहे. बराइटसारखं खनिज खोलीच्या तापमानाला इतकं सावकाश विरघळतं की दिवसभर बसून हाती फारसं लागत नाही. एखाद्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) मोलला ६० किलोज्यूल धरली, तर २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसवर गेल्यावर वेग सुमारे १३० पट होतो. म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम ११ मिनिटांत दिसतं. मॅग्नेसाइटचं तर खोलीच्या तापमानाला वाढणंच जवळजवळ थांबतं, कारण पाण्यातला मॅग्नेशियम आयन आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहज सोडत नाही. त्याची वाढ डोळ्यांसमोर पाहायची तर ऐंशी-शंभर अंशांकडे जावंच लागतं.

३. ‘उच्च’ म्हणजे किती उच्च?

ते माध्यमावर ठरतं. पाण्याच्या द्रावणांसाठी हिगिन्स, एगलस्टन, नाउस आणि बोरो यांनी १९९८ मध्ये मांडलेला हायड्रोथर्मल एएफएम १५० अंश सेल्सिअसपर्यंत चालत होता. ली, हिगिन्स, नाउस आणि रोसो यांनी २०११ मध्ये सुपरक्रिटिकल (ठरावीक तापमान-दाबापुढचा, वायू आणि द्रव असा फरक न उरलेल्या) कार्बन डायऑक्साइडसाठी केलेलं यंत्र सुमारे १०० वातावरण दाब आणि ३५० केल्विन, म्हणजे ७७ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत जातं. वायूतल्या उत्प्रेरकांसाठी लायडनच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला रिॲक्टर-एएफएम ६ बार आणि ६०० केल्विनपर्यंतचा आहे.

हिऱ्याच्या ऐरणीत लाखो वातावरणांचा दाब तयार करतात, तो प्रांत पूर्ण वेगळा. तिथे दोन हिऱ्यांमधल्या जेमतेम जागेत कँटिलिव्हर मावणारच नाही.

४. मला फक्त तापमान हवंय, दाब नको. तरी दाबाचा सेल (दाब सोसणारी बंद कोठी) का घ्यायचा?

पाण्यात काम असेल आणि शंभरच्या वर जायचं असेल तर दाब टाळता येत नाही, कारण दाबाशिवाय पाणी द्रव राहणार नाही. १२० अंशांना साधारण २ बार, १५० अंशांना ४.८ बार, २०० अंशांना १५.५ बार एवढा तर नुसत्या बाष्पाचा दाब असतो. प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्तच ठेवायचा. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

५. एवढ्या दाबाखाली नाजूक कँटिलिव्हर चिरडत कसा नाही?

दाब सगळ्या बाजूंनी सारखा असतो म्हणून. पट्टीच्या वर जितका तितकाच खाली, त्यामुळे तिला वाकवणारं बल उरत नाही. एक किलोमीटर खोल समुद्रात सुमारे १०० बार दाब असतो आणि तिथेही नाजूक जीव सुखाने जगतात. त्रास होतो तो दाबाच्या फरकाने. फरक सोसावा लागतो सेलच्या भिंतींना, खिडकीला आणि सीलला. काळजी तिथे घ्यायची.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. टिपच्या अगदी खाली असलेला दाब ही निराळी गोष्ट आहे. एक नॅनोन्यूटन बल दहा चौरस नॅनोमीटरवर पडलं की तो दाब १०० मेगापास्कल होतो, म्हणजे १,००० बार. साध्या हवेत, साध्या टेबलावरही हे घडतं. लेखात नुसता ‘दाब’ असं लिहिलं असेल तर तो द्रवाचा की टिपखालचा, हे आधी पाहा. टिपच्या दाबाने काय बिघडतं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

६. मग खरी अडचण कुठे आहे?

अस्थिरतेत. तापमान किती आहे यापेक्षा ते किती हलतं, याने चित्र बिघडतं. हे एक वाक्य पटलं की या पानावरचं बाकी सगळं सोपं जातं.

हिशोब करून पाहा. स्टेनलेस स्टील दर अंशाला दशलक्षात सुमारे १६ भाग प्रसरण पावतं. सेलमधला एक सेंटिमीटरचा स्टीलचा भाग ०.१ अंशाने तापला तर १६ नॅनोमीटर लांब होतो. कॅल्साइट या खनिजाच्या पृष्ठभागावरची एक पायरी असते ०.३ नॅनोमीटर उंचीची. म्हणजे थर्मोस्टॅटने दशांश अंशाची डुलकी घेतली की पन्नास पायऱ्यांएवढी हालचाल झाली. याउलट १४० अंशांना तापमान खरोखर एका जागी ठरलं असेल, तर चित्र पंचवीस अंशांइतकंच स्वच्छ येऊ शकतं.

म्हणून अशा यंत्रांची रचना करताना तीन गोष्टी पाहतात. गरम होणारा भाग शक्य तितका लहान ठेवायचा. त्यातल्या धातूंचं प्रसरण कमी किंवा एकमेकांना भरून काढणारं निवडायचं. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्मंच प्रसरण पावतं आणि गंजालाही टिकतं. तिसरं म्हणजे टिप आणि नमुना यांना जोडणारा यांत्रिक रस्ता आखूड ठेवायचा. वापरणाऱ्याच्या हाती उरतो तो धीर. तापमान पोचल्याचं कंट्रोलर सांगतो तेव्हा हीटरजवळचा भाग पोचलेला असतो, बाकीचा धातू अजून वाटेत असतो. मी स्वतः आकडा स्थिर झाल्यावरही लगेच मोजमाप घेत नाही. आधी एकाच जागेची चित्रं लागोपाठ घेते आणि एखादा खळगा चौकटीत सरकायचा थांबला की कामाला लागते.

द्रव वाहता असेल तर त्याचं तापमान सेलमध्ये शिरण्याआधीच जुळवून घ्या. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला थोडं गार द्रावण आत गेलं, तर चित्रात त्याच लयीत पट्टे उमटतात.

७. तापवायला लागलं की लेसरचा ठिपका फोटोडायोडवरून निघूनच जातो. यंत्र बिघडलंय का?

नाही. सिलिकॉन नायट्राइडच्या पट्टीवर परावर्तनासाठी सोन्याचा पातळ थर असतो. सोनं नायट्राइडच्या चार-पाच पट प्रसरण पावतं, म्हणून तापताना पट्टी वाकते. याच वाकण्याचा उपयोग करून कँटिलिव्हरला उष्णतामापक म्हणूनही वापरतात, इतका हा परिणाम मोठा आहे.

उपाय असा की तापवताना टिप पृष्ठभागावरून बऱ्यापैकी मागे घ्या आणि दर दहा-वीस अंशांनी आरसा फिरवून ठिपका मध्यावर आणा. टिप टेकवून तापवलं तर वाकणारी पट्टी नमुन्यात रुतते. बिनथराचा कँटिलिव्हर वापरला तर वाकणं बरंच कमी होतं, पण सिग्नलही फिका पडतो. शिवाय गरम पाण्याचा अपवर्तनांक कमी होतो, त्यामुळे खिडकीतून तिरपा जाणारा किरण थोडा वळतो. ठिपका सरकण्यात त्याचाही वाटा असतो.

८. पिझो स्कॅनर एवढ्या उष्णतेत टिकतो कसा?

पिझो स्कॅनर म्हणजे विद्युतदाबाने लांबी बदलून टिप किंवा नमुना हलवणारा सिरॅमिकचा भाग. त्याला उष्णतेत ठेवतच नाहीत. पिझो सिरॅमिकचं क्युरी तापमान काही प्रकारांत २०० अंशांच्या आसपास, काहींत ३५० च्या आसपास असतं. ते ओलांडलं की ध्रुवण जातं आणि पिझो निकामी होतो. कामाची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे, निम्म्यावर धरतात.

गरम द्रावण आणि स्कॅनर यांच्यामध्ये लवचीक पडदा घालणं हा एक चांगला मार्ग आहे. पडद्याच्या एका बाजूला द्रावण, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच दाबाचा वायू. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून पडदा फुगतही नाही, फाटतही नाही, आणि स्कॅनर कोरडा व गार राहतो. तरी थोडी ऊब पोचतेच आणि पिझोची संवेदनशीलता बदलते. म्हणून खोलीच्या तापमानाचं कॅलिब्रेशन तसंच वापरू नका. नमुन्यावर कॅल्साइटची माहितीची पायरी असेल तर उंचीचं माप तिच्यावरूनच, त्या तापमानाला, पडताळा.

९. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये काम अवघड का मानतात? तापमान तर फारच कमी आहे.

तापमान कमी आहे हे खरं. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बारवर आहे. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड साठवला की खडकांशी त्याचं काय होतं, हे पाहायला याच परिस्थितीत जावं लागतं, म्हणून हा विषय महत्त्वाचा.

अवघडपणा दाबता येण्याजोग्या द्रवाचा आहे. पाण्याची घनता दाबाने जेमतेम बदलते. कार्बन डायऑक्साइडची मात्र ४० अंशांना, दाब ८० वरून १०० बार केला की घनता घनमीटरला सुमारे २८० वरून ६३० किलोग्रॅम होते, दुपटीहून जास्त. घनता बदलली की अपवर्तनांक बदलतो आणि लेसरची वाट बदलते. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर लांबचं दृश्य थरथरतं तसा फोटोडायोडवरचा ठिपका थरथरतो. टिप जागच्या जागी असूनही यंत्राला ती हलल्यासारखी वाटते.

त्यामुळे इथे दाब आणि तापमान दोन्ही घट्ट धरावे लागतात, आणि क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ न थांबता थोडं पुढे जाऊन काम केलेलं बरं. असं नियंत्रण साधलं की काय दिसतं, हे प्रश्न ३ मधल्या २०११ च्या यंत्राने दाखवलं: या द्रवाखाली कॅल्साइटच्या एकेका अणुथराच्या पायऱ्या आणि त्यांची हालचाल.

१०. तापमान वाढलं की औष्णिक गोंगाट इतका वाढेल की काही दिसणारच नाही, असं एकाने सांगितलं. खरं का?

भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. पट्टीचं औष्णिक थरथरणं निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाने वाढतं. मीटरला ०.१ न्यूटन कडकपणाची पट्टी २७ अंशांना सुमारे ०.२० नॅनोमीटर थरथरते, १५० अंशांना ०.२४. एवढाच फरक. सिलिकॉनचा कडकपणाही शंभर अंशांत एक टक्क्याच्या आतच उतरतो.

टॅपिंग मोडमध्ये, म्हणजे पट्टी कंपत ठेवून टिप हलकेच टेकवत स्कॅन करताना, मात्र दुसरा बदल जाणवतो. पाण्याची श्यानता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, १५० अंशांना ती जवळजवळ पाचव्या हिश्शावर येते. पट्टीला अडवणारं पाणी पातळ होतं, अनुनादाची वारंवारता सरकते आणि शिखर टोकदार होतं. प्रत्येक नव्या तापमानाला ट्यूनिंग पुन्हा करायलाच हवं.

११. सगळं नीट चाललेलं असतं आणि अचानक सिग्नल वेडावाकडा होतो. काय होत असेल?

बहुतेक वेळा बुडबुडा. गार पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते आणि कँटिलिव्हरची कड ही बुडबुड्याला बसायला आवडती जागा आहे. खिडकीतून साध्या भिंगाने पाहिलं तर पट्टीच्या बुडाशी चमकणारा टिंब दिसतो.

द्रावण आधी उकळून किंवा निर्वातात ठेवून हवा काढून घ्या. त्याबरोबर दाब बाष्पदाबाच्या बराच वर ठेवा, म्हणजे उरलेली हवा विरघळलेलीच राहते. बुडबुडा बसलाच तर दाब आणखी वाढवून काही मिनिटं थांबा. बऱ्याचदा तो आक्रसून विरून जातो. झटक्याने दाब उतरवू नका, एकाचे दहा होतील.

१२. टिप किती वेळ टिकते?

ठरावीक तास सांगता येत नाहीत. गरम पाण्यात, विशेषतः जास्त पीएचला, सिलिका विरघळते. सिलिकॉनच्या टिपवर तिचाच थर असतो. सिलिकॉन नायट्राइडचंही हळूहळू जलविघटन होतं. टिप बोथट झाल्याची खूण अशी: चित्रातल्या वेगवेगळ्या कणांचा आकार एकसारखा दिसायला लागतो, आणि तोही एकाच दिशेला कललेला. तो कणांचा आकार नसतो, टिपचा असतो. नमुना थोडा फिरवून पाहा. आकार नमुन्याबरोबर फिरला नाही तर टिप बदला.

१३. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या स्कॅनमध्ये पायऱ्यांमधलं अंतर वेगळं येतं. कुठलं बरोबर?

दोन्ही अपुरी आहेत. प्रश्न फार चांगला आहे, कारण वेगाचं मोजमाप इथेच चुकतं.

चित्र एका क्षणात निघत नाही, ओळीओळीने निघतं. सेकंदाला ४ ओळी या गतीने २५६ ओळींना ६४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला १० नॅनोमीटर चालणारी पायरी ६४० नॅनोमीटर पुढे गेलेली असते. ओळी ज्या दिशेने पुढे जातात त्याच दिशेने पायऱ्या चालत असतील तर त्या विरळ दिसतात. समोरून येत असतील तर दाट. रस्त्याने चालताना आपल्याच दिशेने जाणारी माणसं कमी भेटतात आणि समोरून येणारी जास्त, तसंच.

यात ड्रिफ्टही (यंत्राचं स्वतःचं सावकाश सरकणं) मिसळलेला असतो. तो वेगळा काढायला स्थिर खूण हवी. ती असते स्क्रू विस्थापनावर (स्फटिकाच्या रचनेतल्या पिळासारख्या दोषावर) तयार झालेल्या खळग्याचा सगळ्यात खोल बिंदू. पायऱ्या तिथून निघून बाहेर जातात, बिंदू जागेवर राहतो. तो चित्रात सरकला तर तो ड्रिफ्ट, तेवढा वजा करायचा. दुसरी युक्ती म्हणजे खळग्याची पूर्ण रुंदी किती वाढली ते पाहायचं. समोरासमोरच्या दोन पायऱ्या उलट दिशांना जातात, त्यामुळे एकसारखा ड्रिफ्ट त्या बेरजेतून आपोआप वगळला जातो. मात्र कॅल्साइटवर समोरासमोरच्या पायऱ्यांचे वेग सारखे नसतात, त्यामुळे रुंदीच्या वाढीचे दोन समान भाग करून एकेकीचा वेग काढू नका.

१४. टिपच पृष्ठभाग खरवडत नाही ना, हे कसं ओळखायचं?

लहान चौकटीत बराच वेळ स्कॅन करा, मग चौकट तिप्पट मोठी करा. मधे चौकोनी डाग दिसला, म्हणजे तिथले खळगे आजूबाजूपेक्षा जास्त किंवा मोठे असतील, तर टिप विरघळण्याला हातभार लावते आहे. बल कमी करा आणि नव्या जागी जा. तापमानासोबत ही तपासणी पुन्हा करावी लागते. खोलीच्या तापमानाला निरुपद्रवी असलेलं बल शंभर अंशांना तसं राहीलच असं नाही.

१५. वेग तापमानाबरोबर वाढत गेला आणि मग वाढ मंदावली. अभिक्रियेची पद्धत बदलली असं लिहू का?

इतक्यात नको. आधी द्रावणाचा प्रवाह दुप्पट करून पाहा. वेग बदलला तर पृष्ठभाग तुम्हाला अडवत नाही, विसरण (पदार्थाचं द्रावणातून पसरणं) अडवतं आहे. पृष्ठभागावरची अभिक्रिया तापमानाने झपाट्याने वाढते, विसरण मात्र सावकाश, म्हणून एका टप्प्यावर पदार्थ वाहून नेणं मागे पडतं आणि आलेखाचा उतार कमी होतो.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. कॅल्साइट आणि अॅनहायड्राइट तापमान वाढलं की कमी विरघळतात. खोलीत नुसतं संपृक्त असलेलं द्रावण गरम सेलमध्ये अतिसंपृक्त होतं आणि खनिज विरघळण्याऐवजी वाढायला लागतं, कधी नमुन्यावर तर कधी थेट कँटिलिव्हरवर. संपृक्तता नेहमी सेलच्या तापमानाला काढा.

१६. वायूतल्या उत्प्रेरकासाठी लेसरऐवजी क्वार्ट्झचा काटा का वापरतात?

जागा वाचते म्हणून. मनगटी घड्याळात ३२,७६८ हर्ट्झने कंपणारा क्वार्ट्झचा दुहेरी काटा असतो, त्याच जातीच्या काट्याला टिप चिकटवतात. क्वार्ट्झ स्वतःच विद्युत सिग्नल देतो, त्यामुळे लेसर, खिडकी, आरसा काहीच लागत नाही आणि अभिक्रियेची कोठी अगदी लहान ठेवता येते. कोठी लहान असली की वायू पटकन बदलतो आणि तयार झालेली उत्पादनं लगेच मोजता येतात. वायूचा दाब वाढला की काट्याचं कंपन जास्त दबतं, तेवढी किंमत मोजावी लागते. विद्युतवाहक द्रावणात मात्र उघडा काटा चालत नाही.

१७. कंट्रोलरवर १५० दिसतंय. नमुनाही १५० वरच आहे असं धरू?

धरू नका. सेन्सर सहसा हीटरजवळ असतो. वितळणबिंदू माहीत असलेल्या धातूचा कण नमुन्याच्या जागी ठेवून तपासा: गॅलियम २९.७६, इंडियम १५६.६, कथील २३१.९ अंश. गॅलियम ॲल्युमिनियमचा नाश करतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या भागांजवळ तो नेऊ नका.

१८. आमच्या साध्या एएफएमसाठी दाबाचा सेल स्वतः बनवावा का?

हवेतली हीटिंग स्टेज वापरणं ठीक. दाबाचा सेल मात्र अनुभवी माणसाच्या देखरेखीशिवाय करू नका. दोन गोष्टी तर हमखास नजरेआड होतात.

पहिली: ताठ सेल पाण्याने पूर्ण भरून, बंद करून तापवला, तर २५ अंशांच्या आसपास दाब दर अंशाला पाच-सहा बारने चढतो आणि १०० अंशांजवळ पंधरा बारने. दहा अंशांत खिडकी जाऊ शकते. प्रसरणाला जागा आणि दाब सोडणारी झडप हवीच. दुसरी: गळतीची चाचणी आधी पाण्याने घ्या. वायू नंतर. दाबलेल्या वायूत त्याच दाबाच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठलेली असते, सील सुटलं तर पाणी ठिबकतं आणि वायू तुकडे उडवतो.

१९. तापमान वाढवलं आणि पायऱ्याच दिसेनाशा झाल्या. आता?

पायऱ्या एक चौकट पूर्ण व्हायच्या आत निघून जाण्याइतक्या वेगाने चालायला लागल्या असतील, टिप गेली असेल, किंवा पृष्ठभागावर काही साचलं असेल. दहा अंश खाली या आणि तापमान ठरू द्या. पायऱ्या परत दिसल्या तर टिप शाबूत आहे. चौकट लहान करा, ओळी कमी करा आणि दोन-दोन अंशांनी पुन्हा वर चढा. परत दिसल्या नाहीत तर टिप मागे घ्या, सेल सावकाश गार करा, मग दाब उतरवा. याच क्रमाने.